एका ओळीपुरती जागा

चार पानं पुरेत, असं आर्नो क्लेकाम्पने हुल्डाला दोनदा बजावलं होतं. एकदा चर्चच्या पंचांच्या बैठकीत आणि दुसऱ्यांदा बैठकीनंतर तळघरात कॉफी पिताना, जणू पहिल्या वेळी तिच्या कानांवर ते पडलंच नसावं. ऑर्गनला यंदा ऑक्टोबरात शंभर वर्षं पुरी व्हायची होती आणि त्या निमित्ताने चर्च एक पुस्तिका काढणार होतं. तिच्यातला इतिहास हुल्डा ब्रुगेमानने लिहावा हे कुणाला सुचवावंही लागलं नाही, कारण लिंडेनतालच्या सेंट योहानेस चर्चमध्ये ती एकेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवत होती आणि तिच्या आधी तिची लिडिया आत्या सत्तावीस वर्षं वाजवत होती. दोघींच्या बसण्याने अक्रोडाचं ते बाक मधोमध खोलगट झालं होतं. हुल्डा बासष्ट वर्षांची, उंच, हडकुळी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि स्वभाव असा की एखादी गोष्ट करू नकोस म्हटलं की बाई नेमकी तीच आधी करणार. गावात तिला मागून खेचर म्हणत. मिसुरीत खेचर ही तशी मानाचीच गोष्ट, त्यामुळे तिला ते कळलं तेव्हा राग येण्याऐवजी बरंच वाटलं होतं.

इतिहास लिहायला तसा अवघड नव्हता. सेंट लुईसच्या एका जर्मन कारागिराने बांधलेला ऑर्गन १८७१च्या शरदात बोटीने नदीच्या धक्क्यावर आला, तिथून खेचरांच्या सहा गाड्यांनी टेकडी चढला, एक पेटी चिखलात कोसळली आणि तिच्यातल्या नळ्या गावातल्या बायकांनी परकरांच्या कापडाने पुसून काढल्या. नळ्या सहाशे बारा. पुढचा लाकडी दर्शनी भाग इथल्याच अक्रोडाचा. १९३१ साली तळघरात विजेची मोटर बसली, तेव्हा नळ्यांत वारा भरणारा भाता हाताने ओढायचा दांडा मुळापासून कापून टाकला आणि त्याच्या खाचेवर फळी ठोकली. इथवर सगळं गोडगोड होतं आणि आर्नोला हवं होतं ते इतकंच. पण मधे १९१८ साल होतं, आणि ते वगळून शंभर वर्षं मोजायची म्हणजे जिना चढताना एक पायरी मुद्दाम गाळायची आणि वर पोचल्यावर सगळ्या चढलो असं सांगायचं, असं हुल्डाचं म्हणणं.

त्या साली अमेरिकेची जर्मनीशी लढाई चालू होती, म्हणून चर्चमधलं जर्मन बंद झालं. जर्मन गीतपुस्तकं उचलून ऑर्गनच्या पोटात, भात्याच्या कोंदट खोलीत रचून ठेवली गेली आणि आवाज बदलायला ओढतात त्या ऑर्गनच्या खुंट्यांवरच्या चिनीमातीच्या चकत्यांवर आवाजांची जर्मन नावं होती म्हणून त्या चकत्याही उपटून उलट्या चिकटवल्या गेल्या. तेव्हापासून आजवर अकरा खुंट्या कोऱ्या पांढऱ्या होत्या. लिडिया आत्या आणि नंतर हुल्डा त्या नुसत्या जागेवरून ओळखत आल्या. ती गीतपुस्तकं किती होती हे पुस्तिकेत लिहावं म्हणून जूनमधल्या एका दुपारी हुल्डा टॉर्च घेऊन बाजूच्या अरुंद दारातून भात्याच्या खोलीत शिरली आणि भिंतीला लागून रचलेल्या थप्प्या एकेक करून बाहेर काढू लागली. धुळीचा थर असा की पुस्तकं एकमेकांना चिकटून बसली होती. त्रेपन्न वर्षांत त्यांना कुणाचा हात लागलेला नव्हता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

त्या भिंतीवर नावं आहेत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मयताच्या वेळी शवपेटी दारातून निघून कबरीपाशी पोचेपर्यंत ऑर्गन थांबवायचा नाही, अशी इथली रीत. म्हणजे सगळं गाव मातीला जाई, पण वाजवणारा आणि भाता ओढणारा हे दोघे कधीच जाऊ शकत नसत. वाजवणाऱ्याचं एक वेळ ठीक, तो ऑर्गनच्या वरच्या सज्ज्याच्या खिडकीतून पाहू तरी शके. भाता ओढणारा आत अंधारात. म्हणून मग कॅस्पर वेलपोटने, जो १८८९पासून तिथे भाता ओढत होता, मेलेल्या माणसाचं नाव आणि तारीख आतल्या पाइनच्या फळ्यांवर पेन्सिलीने लिहायची सवय लावून घेतली. तीच त्याची मूठमाती. हस्ताक्षर जुन्या जर्मन वळणाचं, आणि कॅस्पर डावखुरा असल्यामुळे सगळी अक्षरं वाऱ्याने वाकलेल्या गव्हासारखी डावीकडे कललेली.

पुस्तकांच्या मागच्या फळ्याही भरलेल्या होत्या. हुल्डाने टॉर्च वरून खाली नेला. १९१६. १९१७. २४ फेब्रुवारी १९१८, तिचे स्वतःचे आजोबा. मग २ मे १९१८. मग जुलै, मग फ्लूच्या साथीतली एका शरदात चौदा नावं, मग १९२०, १९२६, १९३१. त्याच पेन्सिलीच्या त्याच दाबाने, त्याच डाव्या कलाने, मोटर बसल्यानंतरची नावं, दुसऱ्या लढाईतली नावं, १९४३मधली लिडिया आत्या. शेवटची ओळ जमिनीपासून हातभर उंचीवर होती आणि ती गेल्या मार्चमध्ये वारलेल्या सुताराची होती, ज्याच्या मयताला हुल्डाने स्वतः वाजवलं होतं.

ती खाली जमिनीवर बसली. तिला भीती वाटली असं म्हणणं खरं होणार नाही; पहिल्यांदा तिला आला तो राग, कारण कुणीतरी आपली चेष्टा करतंय असं वाटलं. मग तिने पायाशी पडलेल्या पुस्तकांकडे पाहिलं, त्यांच्या चिकटून बसलेल्या धुळीकडे पाहिलं, आणि राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. कॅस्पर वेलपोट एप्रिल १९१८मध्ये मेला होता.

तो कसा मेला हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावाहून दोन मोटारी भरून माणसं आली. जर्मन वस्तीत कैसरचा एक तरी माणूस असतोच, तो तुम्ही दाखवा, नाहीतर आम्ही घरोघर शिरून शोधतो, असं त्यांनी सांगितलं आणि विचार करायला तासभर दिला. सहा पंच चर्चमध्ये दार लावून बसले. त्यांचा मुख्य म्हणजे आर्नोचा बाप, फ्रीड्रिख क्लेकाम्प. तासाने तो बाहेर आला आणि त्याने एक नाव सांगितलं. कॅस्परला बायको नव्हती, भाऊबंद नव्हते, इंग्रजी धड येत नव्हतं, आणि पिंपं करणाऱ्याच्या दुकानामागे एका खोलीत तो राहायचा. म्हणजे नाव द्यायला सोयीचा. आणि तो अख्खा तास कॅस्पर वर भात्याच्या खोलीतच होता, कातड्याला चरबी चोळत. खाली काय चाललंय ते त्याला ऐकू गेलं की नाही हे विचारायची सोय राहिली नाही. माणसांनी त्याला नेलं. तिसऱ्या दिवशी अंगाला डांबर फासलेला कॅस्पर पायी परत आला, कुणाशी बोलला नाही, आणि चार दिवसांनी गेला. मंगळवारी, सोळा एप्रिलला, पंचांनी त्याला घाईघाईने पुरलं. घंटा नाही, गीत नाही, ऑर्गन नाही. वाजवलं तर तालुक्यात कळेल, म्हणाले.

लिडिया आत्या मात्र सवयीने वर जाऊन बाकावर बसली होती आणि नऊ वर्षांची हुल्डा तिच्या शेजारी. खालून पेटी उचलल्याचा आवाज आला. आत्याचे हात मांडीवर होते. आणि तेवढ्यात ऑर्गनच्या पोटात भात्याचा दांडा कुरकुरला. वर, खाली, वर, खाली, संथ आणि नेमाने. भाता भरला. वारा नळ्यांच्या तळाशी येऊन थांबला, हे हुल्डाला बाकाच्या लाकडातून कळलं, जसं ते वाजवणाऱ्यांच्या घरातल्या पोरीला कळतं. तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं, आणि उंदीर आहेत गं, एवढंच बोलली. वारा तयार होता आणि आत्या वाजवत नव्हती. पुढे बारा वर्षं आत्याने तिला सगळं शिकवलं, जुनं हस्ताक्षरसुद्धा, पण त्या मंगळवारबद्दल चकार शब्द काढला नाही.

जूनमधल्या त्या दुपारी हुल्डाने टॉर्च पुन्हा वर नेला आणि २४ फेब्रुवारी आणि २ मे या दोन ओळींच्या मधे बोट ठेवलं. बाकी सगळी भिंत कशी खेटून लिहिलेली, पापणीएवढीही फट नाही. तिथे मात्र एका ओळीपुरती जागा कोरी सोडलेली होती. ज्याला वाजवून पोचवलं त्याचंच नाव लिहायचं, हा नेम. स्वतःला वाजवल्याशिवाय तो स्वतःचं नाव कसं लिहिणार? आणि ज्याला पोचवलंच नाही त्याने काम सोडून जायचं तरी कसं? हा विचार तिला इतका सरळ वाटला की त्यानंतर ती उठली, झगा झटकला, सज्ज्यात येऊन बसली आणि पेपर कापायच्या सुरीने खुंट्यांवरची पहिली चकती उचकटली. आतल्या बाजूची निळी अक्षरं काल लिहावीत तशी ताजी होती. संध्याकाळपर्यंत तिने अकराच्या अकरा चकत्या सुलट करून चिकटवल्या.

पास्टर नोल्टेला तिने भिंत दाखवली. तो आयोवाचा, चाळिशीचा, चार वर्षांपूर्वी इथे आलेला, सज्जन आणि भिडस्त माणूस. कुणाला दुखवायचं नाही या एका गोष्टीत त्याची सगळी ताकद खर्ची पडे. तो बराच वेळ ओणवा होऊन पाहत राहिला. मग बाहेर येऊन त्याने गुडघे झटकले आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, “मिस हुल्डा, राग मानू नका. पण हे असलं जुनं अक्षर आता या गावात तुमच्याशिवाय येतं कुणाला?”

हुल्डाला तो प्रश्न लागला, आणि लागला तो त्यात तथ्य होतं म्हणून. त्या रात्री तिने स्वयंपाकघरात बसून डाव्या हाताने कॅस्परचं नाव लिहून पाहिलं. शेंबड्या पोराने लिहावं तसं आलं. तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचाच तिला संताप आला. सकाळी उठून तिने भात्याच्या खोलीच्या दाराला नवं कुलूप घातलं आणि त्याची एकुलती एक किल्ली पास्टरच्या हातात नेऊन दिली. पुढचं मयत होईस्तोवर खिशात ठेवा म्हणाली.

ऑगस्टात म्हातारी सेल्मा होल्टग्रेवे गेली, एक्याण्णव वर्षांची. चर्च भरलेलं, हुल्डा सगळ्यांच्या देखत बाकावर, दाराला कुलूप. तिने पेटी कबरीपाशी पोचेपर्यंत वाजवलं. लोक खाली कॉफी-केकला गेल्यावर पास्टरने वर येऊन कुलूप काढलं आणि दोघं आत वाकले. सुताराच्या नावाखाली सेल्माचं नाव होतं. तारीख आजची. पेन्सिलीचा बारीक भुगा अजून फळीच्या कडेवर होता आणि पास्टरच्या श्वासाने तो उडाला.

जिना उतरताना पास्टरने कठडा धरला होता. दुसऱ्या दिवशी मात्र तो म्हणाला की आपण जूनमध्ये कदाचित नीट पाहिलं नसेल, म्हातारी तेव्हापासून अंथरुणावरच होती, कुणीही आधी लिहून ठेवलं असेल. हुल्डाने विचारलं, तारीखसुद्धा? त्याने खिशातल्या खिशात किल्ली फिरवली आणि विषय बदलला. त्याला तरी काय बोलणार. काही माणसं डोळ्यांनी पाहिलेलं कानांनी खोडून काढतात.

भिंतीची गोष्ट हुल्डाने दुसऱ्या कुणाला सांगितली नाही. इतिहास मात्र सहा पानी लिहिला, कॅस्परसकट, आणि सप्टेंबरच्या बैठकीत पंचांसमोर उभं राहून वाचून दाखवला. शेवटी लिहिलं होतं की सतरा ऑक्टोबरच्या शताब्दीच्या उपासनेत कॅस्पर वेलपोटसाठी निरोपाचं गीत वाजवलं जाईल. सहा पंच टेबलाकडे बघत राहिले. त्यांतल्या चौघांचे बाप किंवा आजे १९१८च्या सहांत होते. आर्नोने आधी चष्मा काढून ठेवला. पासष्ट वर्षांचा, भरदार, धान्याच्या कोठाराचा मालक, अख्खं गाव ज्याच्या शब्दाला मान देई असा माणूस. आणि खरं सांगायचं तर वाईट माणूस नव्हता.

“झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हुल्डा,” तो म्हणाला.

“मूठ झाकलेली नाहीये, आर्नो. मेलेल्या माणसाच्या तोंडावर दाबलेली आहे.”

आर्नोचा चेहरा लाल झाला. आपला बाप खुनी नव्हता, असं तो म्हणाला. त्याने गाव वाचवलं. नाहीतर त्या रात्री चर्च जळलं असतं, घरं जळली असती, तुझं घरही त्यात होतं. त्या दिवसानंतर बाप मरेपर्यंत आमच्याबरोबर एका टेबलावर जेवला नाही. ताट घेऊन मागच्या पायरीवर बसायचा, हिवाळ्यातसुद्धा. आम्ही पोरांनी ते पाहिलंय, तू नाही. हे त्याने आजवर कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगताना त्याचा आवाज ओला झाला होता. हुल्डाला त्याची दया आली. पण दया आली म्हणून माघार घेणाऱ्यातली ती नव्हे.

“मग तसंच लिहू ना,” ती म्हणाली. “पंचांनी गाव वाचवलं, कॅस्पर देऊन. एवढं एक वाक्य घाला, बाकीची पानं मी फाडते.”

मतदान झालं. १९१८ वगळून तीन पानं छापायची ठरली, आणि शताब्दीला छापील कार्यक्रमाबाहेर काही वाजणार नाही हेही ठरलं. बाकीचे गेल्यावर आर्नो तिला दारात गाठून म्हणाला, ते गीत वाजवलंस तर पुढच्या रविवारी त्या बाकावर दुसरं कुणीतरी बसलेलं असेल. एकेचाळीस वर्षं, नीट विचार कर. हुल्डाने कोटाची बटणं लावली. बसू दे, म्हणाली, पण आधी कॅस्पर. आणि त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर ती पलंगाच्या कडेवर बसून हमसून हमसून रडली, कारण त्या बाकाशिवाय तिच्याकडे दुसरं होतं काय.

सतरा ऑक्टोबरला ऊन लख्ख होतं. हुल्डा तासभर आधी सज्ज्यात गेली तेव्हा वाजवायच्या पट्ट्यांवर किल्ली ठेवलेली होती. पास्टर खाली वेदीपाशी मेणबत्त्या सारख्या करत होता आणि वर पाहत नव्हता. हुल्डाने कुलूप काढलं आणि दार किंचित उघडं ठेवलं. माणूस कामावर यायचा तर दार लोटलेलं तरी असावं.

चर्च खचाखच भरलं. सेंट लुईसहून पाहुणे आले होते, पुस्तिका वाटल्या गेल्या, प्रवचन झालं. त्यानंतर छापील कार्यक्रमात एक इंग्रजी स्तुतिगीत होतं. हुल्डा उठली आणि सज्ज्याच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. एकेचाळीस वर्षांत तिने त्या कठड्यावरून तोंडाने एक शब्दही उच्चारला नव्हता, त्यामुळे लोकांच्या माना एकदमच वळल्या.

“कॅस्पर वेलपोट,” ती म्हणाली. “या चर्चचा भाता ओढणारा, एकोणतीस वर्षं. सोळा एप्रिल एकोणीसशे अठराला आपण त्याला मुकाट्याने पुरलं. त्याचं गीत राहिलंय. ते आता होईल.”

ती बाकावर बसली आणि तिने निळ्या अक्षरांच्या खुंट्या एकामागून एक ओढल्या. पहिलं कडवं एकट्या ऑर्गनचं झालं. दुसऱ्या कडव्याला खाली पुढच्या बाकांवरून एका म्हाताऱ्याचा आवाज उठला, जर्मनमध्ये, घोगरा. मग कुठूनतरी बायकांचे दोन. आणि बाकं करकरू लागली, कारण लोक उभे राहत होते. हुल्डाने ऑर्गनवर लावलेल्या आरशात खालचं चर्च पाहिलं. आर्नो मधल्या वाटेने चालत होता, पण तिच्याकडे नव्हे, तळघराच्या दाराकडे.

मोटर थांबली ते आधी तिच्या तळपायांना कळलं. चाळीस वर्षांची ती बारीक गुणगुण बंद झाली. भरलेला भाता अर्धं कडवं पुरतो, हे तिला ठाऊक होतं. अर्धं कडवं, मग सूर खाली लोंबकळतात आणि सहाशे बारा नळ्या मेलेल्या शेळीसारख्या निपचित. तिने दात खाल्ले आणि वाजवत राहिली. वारा संपेपर्यंत तर संपेपर्यंत. दुसरं कडवं पुरं झालं. तिसरं सुरू झालं. वारा संपला नाही. तिच्या पुढ्यात, लाकडाच्या आत, दांडा कुरकुरत होता. वर, खाली, वर, खाली. आणि पट्ट्यांखाली जो वारा आला तो मोटरचा सपाट वारा नव्हता. सुरुवातीचं एक वर्ष ती माणसाच्या हाताच्या वाऱ्यावर वाजवलेली होती. त्याला खांदा असतो, तो ओळीच्या शेवटी किंचित झुकतो, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा देतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही, हात मोकळे नव्हते. घे, ती मनात म्हणाली, घे बाबा, पोटभर घे.

चौथ्या कडव्याला आर्नो जिना चढून वर आला. त्याला धाप लागली होती. तो आधी तिच्याकडे, तिच्या हातांकडे, मग दर्शनी नळ्यांकडे पाहत राहिला.

“आत कोण बसवलंयस?” त्याने विचारलं.

हुल्डा वाजवत राहिली. आर्नोने कान दिला. दांड्याचा आवाज आता त्यालाही ऐकू येत होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो दोन पावलं पुढे गेला, थांबला, मग दाराला खांदा लावून वाकून आत शिरला. दार त्याच्यामागे लोटलं गेलं.

पाचव्या कडव्याच्या पहिल्या ओळीत वारा एकदम ढासळला. सगळे सूर अर्ध्या पायरीने घसरले, खालचे आवाज अडखळले. हुल्डाने पट्ट्यांवरची बोटं उचलली नाहीत. एक श्वास, दोन श्वास. आणि वारा परत आला. पण तो तोच नव्हता. जड होता, वेडावाकडा, घाबरट. सवय नसलेल्या माणसाने पाठीवर ओझं घेऊन पळावं तसा. तिने तो बोटांनी ओळखला, तरी तिने पाचवं कडवं पुरं केलं, सहावंही केलं, शेवटचा सूर नीट मोजून धरला आणि सोडला.

खाली कुणी बसलं नाही. सगळं चर्च सज्ज्याकडे पाठ करून उभं होतं, दाराकडे तोंड करून, जसे लोक शवपेटी बाहेर जाताना उभे राहतात. त्या शांततेत आत दांडा अजून कुरकुरत होता.

हुल्डा उठली आणि तिने दार उघडलं. आर्नो आत होता. त्याने कोट काढून जमिनीवर टाकला होता, सदरा पाठीला चिकटला होता, आणि जिथे चाळीस वर्षांपूर्वी दांडा कापून फळी ठोकली होती तिथे, त्या फळीसमोर उभा राहून तो दोन्ही मुठी वर नेत होता आणि सगळं अंग टाकून खाली आणत होता. मुठींत काही नव्हतं. मुठींच्या कडेने रक्त मनगटांवर उतरलं होतं. दर खेपेला त्याच्यामागे भाता उचलला जात होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तोंड फळीकडेच ठेवून, ज्या भाषेतला एकही शब्द आपल्याला येत नाही असं तो पन्नास वर्षं सांगत आला होता त्या भाषेत, लहान मुलासारखं त्याने विचारलं,

“अजून किती कडवी राहिलीत?”

हुल्डा दारात उभी होती. गीत संपलं होतं, सहाच्या सहा कडवी झाली होती, आणि बस कर म्हणायला तिला फक्त तोंड उघडायचं होतं. तिला पंचांचा तो तास आठवला, मांडीवर ठेवलेले आत्याचे हात आठवले.

“पुष्कळ आहेत,” ती म्हणाली, आणि परत जाऊन बाकावर बसली.